हंडा मोर्चाचं शूटिंग

माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या लग्नात गेलं. नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारसं, साखरपुडा, लग्न, आणि हल्ली ते लग्नाआधीचं, जिथे नवरा-नवरी द्राक्षाच्या बागेत एकमेकांच्या मागे पळतात आणि मी त्यांच्या मागे पळतो. बोर्डावर माझ्या धंद्याच्या नावात 'आर्ट' हा शब्द आहे. बायको म्हणते, तो बोर्डावर आहे तेवढाच.

पण धंद्याची अक्कल मला आहे. लग्न म्हटलं की भांडण होतं. व्याह्यांचा मान राहिला नाही, मामाला फेटा लहान झाला, पंगतीत कोणाला तरी उशिरा वाढलं. कॅमेरावाल्याने ते टिपायचं नसतं, आणि चुकून टिपलं गेलंच तर एडिटिंगला बसल्यावर उडवायचं. कोणी सांगायला लागत नाही. शूटिंगमधला मूळ आवाजही आम्ही आधी बंद करतो, कारण त्यावर गाणी बसवायची असतात. मी एडिटिंग करतो ते जवळजवळ बहिऱ्यासारखंच. मूळ शूटिंग मात्र कधी पुसत नाही. वर्षभराने कोणीतरी आत्या येऊन उभी राहते आणि म्हणते, आमचं कुटुंब सगळ्या लग्नात कुठेच कसं नाही? तेव्हा ती आत्या शोधून द्यावी लागते.

पोलिसांनाही शूटिंग लागतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. मोर्चा असला, मिरवणूक असली की ठाण्यातून बाहेरचा कॅमेरावाला बोलावतात. तसं एकदा मला बोलावलं आणि मग बोलावतच राहिले. पैसे त्यांच्या सवडीने यायचे, पण खरं सांगू का, मला त्याचं काही नव्हतं. बंदोबस्तातल्या साहेबांनी चारचौघांत खांद्यावर हात ठेवून 'आपला माणूस' म्हटलं की मी दिवसभर दोन इंच उंच असायचो. गाडी नो पार्किंगमध्ये लावायला लागलो होतो. बायकोने विचारलं, पोलिसात कधी भरती झालात? मी उत्तर दिलं नाही, कारण मला तो प्रश्न आवडला होता.

त्या उन्हाळ्यात आमच्या पलीकडच्या वसाहतीत नळाला पाणी येईना. आलं तर पहाटे करंगळीएवढं. शेवटी बायका रिकामे हंडे घेऊन पाण्याच्या कार्यालयावर निघाल्या. मी गेटशी, पोलिसांच्या जीपशेजारी, एका स्टुलावर उभा. गळ्यात पोलिसांनी दिलेला पास. तो पास मी जरा वर ओढून घेतला होता, दिसावा म्हणून.

मोर्चाच्या पुढच्याच रांगेत त्याच वसाहतीत राहणाऱ्या भाभी होत्या. माझ्या स्टुडिओच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. आमच्या गल्लीत लग्न ठरलं की नवरी आधी भाभींकडे ब्लाउजचं माप द्यायला जाते आणि मग माझ्याकडे येते. माझ्या कॅमेऱ्यातल्या निम्म्या नवऱ्या त्यांच्या हातच्या ब्लाउजमुळे बऱ्या दिसल्या असतील, माझ्या लायटिंगमुळे नव्हे. माझ्या बायकोचं माप त्यांना तोंडपाठ, आणि ते वाढलेलं त्या कधी बोलून दाखवत नाहीत, म्हणून बायकोची त्यांच्यावर माया. त्यांनी मला स्टुलावर बघितलं आणि हंडा काखेला मारून हात केला. मी हात केला नाही. मी ड्यूटीवर होतो ना. झूम केलं.

मग गेट बंद केलं. बायका गेटवर हंडे आपटायला लागल्या. आतून कोणी बाहेर येईना. ढकलाढकली सुरू झाली, शिट्टी वाजली आणि काठ्या उठल्या.

आता माझं शौर्य ऐका. मी स्टुलावरून उडी मारली, जीपच्या मागे उकिडवा बसलो आणि कॅमेरा दोन्ही हातांनी बॉनेटच्या वर धरला. वरातीत नाचणाऱ्यांच्या गर्दीत आम्ही असाच धरतो. म्हणजे कॅमेरा बघत होता, मी नव्हतो. मला दिसत होतं ते जीपचं चाक. कानात हंड्यांचा खणखणाट आणि माझीच बडबड. पाचावर धारण बसली की माझं तोंड चालू होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

संध्याकाळच्या आत साहेबांना शूटिंग हवं होतं. मी स्टुडिओत आलो, शटर अर्धं ओढलं आणि कामाला बसलो. आवाज बंद. चित्रं भराभर पुढे ढकलत गेलो. जिथे काठी वर गेलेली दिसली तिथे कात्री, जिथे पळापळ तिथे कात्री. नेहमीचं काम नेहमीसारखं. भाभींनी दोन्ही हातांनी हंडा डोक्यावर उचलल्याचं एक चित्र होतं. स्टीलवर ऊन असं काही चमकलं होतं की माझ्यातला तो बोर्डावरचा आर्टवाला जागा झाला. ते चित्र मी स्लो केलं. त्यापुढचं काठीवालं न बघताच कापलं, आणि लगेच नंतर एक शिपाई डोकं धरून बसलेला होता तो जोडला. पेन ड्राइव्ह नेऊन दिला. साहेब म्हणाले, क्लीन काम आहे तुमचं. मी घरी येताना जिलबी घेतली, एवढा खूश होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात सौम्य लाठीमार झाल्याचं आलं, आणि मला तेही पटलं, कारण माझ्या शूटिंगमध्ये तर तेवढाही नव्हता.

भाभींचं दुकान बंद दिसलं तेव्हा मला वाटलं, गावाला गेल्या असतील. त्या आल्या तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मनगट मोडलं होतं. स्टुडिओत पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर त्या बसल्या आणि शांतपणे सगळं सांगितलं. पोलिसांचं म्हणणं, पळापळीत पडून हात मोडला. वर त्यांच्यावरच केस, सरकारी कामात अडथळा आणि शिपायाच्या डोक्यात हंडा घातल्याची. हात बरा होईलही, पण कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या तर दुकान कोण उघडणार, मुलीचं कॉलेज कसं करायचं, आणि हंड्याने माणूस फोडणारी बाई म्हणून गल्लीत मापं कोण देणार, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

मी म्हणालो, भाभी, मी तर जीपच्या मागे होतो. ते खरं होतं, आणि सबबीसारखंच वाटलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, ठाण्यात त्यांना एक शूटिंग दाखवलं होतं. त्यात त्याच होत्या, साडी तीच, हंडाही तोच.

"पण दादा, मी इतक्या हळू कशाला उचलेन? काठी येत होती. डोकं वाचवायला झटकन वर घेतला. त्यात तर मी नेम धरल्यासारखी दिसतेय."

ते हळू मीच केलं होतं. कोणी मला पैसे चारून, दम देऊन ते करायला लावलं असतं तर निदान छाती बडवून रडता तरी आलं असतं. मी ते केलं होतं ऊन छान पडलं होतं म्हणून.

भाभींना मी तिथल्या तिथे सांगितलं की ती माझी करामत आहे आणि मूळ शूटिंग माझ्याकडे आहे. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, मग द्या ना. त्यांच्या तक्रारीवरून चौकशी लागली होती, बाहेरून एक अधिकारी मॅडम येणार होत्या.

द्या ना म्हणणं सोपं. मी आधी कुठे गेलो असेन? साहेबांकडे. परवानगी मागायला. असा मी. साहेबांनी बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, तुम्हाला कापायला कोणी सांगितलं होतं का? मी म्हणालो, नाही साहेब, कोणीच नाही. त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला.

"मग आता द्यायला कोण सांगतंय?"

आवाज अजिबात चढलेला नव्हता. मी चहा अर्धाच टाकून उठलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता थांबली आणि मला असं काही सुनावलं की ते इथे लिहिता येणार नाही. त्यातलं सभ्य तेवढं सांगतो: लोकांची भांडणं कापून कापून तुम्हाला स्वतःचा कणाही कापायची सवय लागलीय, आणि उद्या भाभींच्या दुकानापुढून मी कुठल्या तोंडाने जाऊ? रात्रीचं जेवण वाढलं, पण आदळून.

मी मूळ शूटिंग अख्खंच्या अख्खं कॉपी केलं. धैर्य म्हणून नव्हे. बघायची हिंमत होत नव्हती, आणि न बघता कापणार काय?

चौकशीच्या खोलीत मॅडम टेबलामागे, त्यांच्या शेजारी जबाब लिहून घेणारा, समोर भाभी, आणि भिंतीशी तो शिपाई. भाभींनी मारणारा म्हणून बोट दाखवलं होतं तो हाच. तिशीचाही नसेल. वर्दी कडक इस्त्रीची, हात मांडीवर. मॅडम म्हणाल्या, आधी ठाण्याला दिलेलं लावा. मी लॅपटॉपवर लावलं. तर सोनेरी गणपती आला, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या आणि सनई सुरू झाली. लग्नाची सुरुवात माझ्या कॉम्प्युटरमध्ये कायमची बसवून ठेवलेली असते, तीच चिकटली होती. ठाण्यात ती पुढे ढकलून बघितली असावी. पाकळ्यांतून हंडे बाहेर आले. लिहून घेणाऱ्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुमच्यावर कोणाचा दबाव होता? मी म्हणालो, नाही, सवय होती. त्यांनी तो शब्द लिहून घ्यायला सांगितला आणि माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, दबाव होता म्हणालो असतो तर अब्रू राहिली असती.

मग मूळ लावलं. पहिल्यांदा आवाजासकट.

आणि खोलीभर ऐकू आला तो मीच. कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ माझंच तोंड. "मी शूटिंगवाला आहे, मी शूटिंगवाला आहे, मला नको, मी शूटिंगवाला आहे." रडक्या आवाजात, न थांबता. धरणी दुभंगावी असं वाटलं. हसा, हरकत नाही. खोलीत कोणी हसलं नाही, कारण चित्रात बॉनेटच्या अगदी पलीकडे भाभी होत्या. हंडा डोक्यावर धरलेला, त्यावर काठी बसली, हंडा सुटला, भाभी गुडघ्यावर आल्या. हाच शिपाई त्यांच्यासमोर उभा, हेल्मेट मागे सरकलेलं, चेहरा स्वच्छ दिसणारा. डोकं धरून बसलेला दुसराच कोणीतरी होता, आणि त्याच्या आसपास हंडा नव्हताच. भाभींनी उजवा हात पोटाशी ओढून घेतला आणि डावा पुढे केला. तळवा वर, सरळ. शाळेत मास्तरांपुढे छडी खायला करायचो तसा. माझ्या बडबडीतून त्यांचा आवाज आला.

"साहेब, उजवा नको. शिवणकाम आहे माझं. हा घ्या."

मी बटण दाबून थांबवलं. कोणी सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, पुढे चालवा. पुढे काठी खाली आली. शिपायाने पोटाशी धरलेला हातच शोधला होता.

मॅडमनी त्याला विचारलं, बाई काय म्हणाल्या ते ऐकलं होतं का? तो उभा राहिला. म्हणाला, गोंधळ फार होता मॅडम, काही ऐकू आलं नाही. हे त्याने इतक्या नीट सांगितलं की मलाही खरं वाटलं. गोंधळ होताच. निम्मा तर माझाच होता.

भाभी त्याच्याकडे वळल्या. आवाज त्यांनी स्टुडिओत माझ्याशी बोलताना होता तेवढाच ठेवला.

"साहेब, तुम्ही 'बरं' म्हणालात."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी थोडं मागे घेतलं आणि आवाज होता तेवढा सगळा वाढवला. हंडे वाजले, मी शूटिंगवाला आहे, मला नको, मी शूटिंगवाला आहे. भाभी म्हणाल्या, हा घ्या. तेवढ्यात मी श्वास घ्यायला थांबलो होतो. त्या फटीत शिपायाचा शब्द आला, अगदी साधा, दुकानदाराला म्हणावा तसा.

"बरं."

मग काठीचा आवाज. आणि त्यावर लगेच, आधीपेक्षा मोठ्याने, पुन्हा मी: "मी शूटिंगवाला आहे."