ओढ्यावर घालवलेले तास

कोळशाच्या खाणीतून ओढ्यात विषारी पाणी सोडलं जात होतं, हे कोर्टात सिद्ध झालं आणि कंपनी हरली. अमेरिकेत अशा खटल्यात जिंकलेल्या गावकऱ्यांच्या वकिलाची फी हरलेल्या कंपनीने द्यायची असते. ती जास्त आहे हे दाखवायला कंपनीने मला नेमलं. वकिलांची बिलं तपासणं हा माझा धंदा आहे, आणि याहून हलका धंदा मला माहीत नाही.

वेस्ट व्हर्जिनियातली ती वकीलबाई एकटीच ऑफिस चालवायची. ती ओढ्यावर गेली ते तास मी तिच्या तासागणिक बिलातून कापले. पाणी बघायला वकील कशाला लागतो, असं मी साक्षीत म्हणालो. गावात फिरून तिने ऐकलेली गाऱ्हाणी मी 'गप्पा' ठरवली. कंपनीचे वकील माना डोलवत होते. त्यांच्यातला एकही त्या ओढ्यापर्यंत गेला नव्हता. मीही नाही.

न्यायाधीशांनी फी निम्मी केली.

"काय कात्री चालवलीस रे!" म्हणत कंपनीच्या वकिलाने माझी पाठ थोपटली.

बाहेर ती फाइली गाडीत ठेवत होती. मी म्हणालो, "नथिंग पर्सनल."

"छे, छे. पलीकडच्या खोऱ्यातले लोक उद्या येतायत. त्यांच्या विहिरींचं पाणीही नारंगी झालंय. आता मला त्यांची केस परवडत नाही. हे तुम्हीच येऊन सांगा ना, तुम्ही छान बोलता."

मी फ्लाइटचं कारण सांगितलं. फ्लाइट खरंच होती. पण नसती तरी मी गेलो नसतो.