खाली म्हणजे नीचे

फ्रीगंजचा पूल उतरलं की एक वळण आहे. तिथे आमची गाडी डोलायची. मागचा भाग एकीकडे झुकायचा आणि सावरायला वेळ घ्यायचा. तेवढ्या वेळात मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. मला वाटायचं, हा माझ्याच हाताचा दोष.

गाडी शिकले ती हौसेने नाही. यांच्या डोळ्यांची नजर कमी झाली आणि डॉक्टरांनी यांना गाडी चालवायला मनाई केली. मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात हे, सासूबाई आणि मी. "तू शीक," हे म्हणाले. मी चौथीपर्यंत शिकलेली, चारचौघांत कोणी नाव विचारलं तरी पदर चाचपणारी. पण शिकताना एक गोष्ट कळली. गाडी चालवताना कोणाच्या तोंडाकडे बघून बोलावं लागत नाही. सगळ्यांनी आपल्याशी बोलायचं, आपण फक्त समोर रस्ता बघायचा. मला ते फार आवडलं. कोणाला सांगितलं नाही, पण सकाळी उठल्यावर आज कुठे जायचं आहे का, हे मी मनात आधी बघू लागले.

दर गुरुवारी सासूबाईंना आणि त्यांच्या दोन मैत्रिणींना रामघाटाजवळ भजनाला न्यायचं काम माझ्याकडे आलं. हे शेजारी बसायचे, खिडकीच्या वरची मूठ घट्ट धरून. एका गुरुवारी त्या वळणावर गाडी अशी झुकली की मागून खाडकन आवाज आला आणि बाजूचा स्कूटरवाला ओरडला. कोणाला काही लागलं नाही. मी गाडी कडेला घेतली, पण पुढे नेण्याची माझी छाती झाली नाही. तिघी बायका टाळ घेऊन रिक्षाने गेल्या.

"गाडी आहे की पाळणा?" सासूबाई रात्री जेवताना म्हणाल्या. "पाळण्याला निदान कोणीतरी धरून तरी असतं."

हे हसले नाहीत. म्हणाले, "अगं, विकून टाकू. तुझ्या जिवाला घोर नको." यांच्या ऑफिसातल्या एकाला जुनी गाडी हवी होती. तो पुढच्या आठवड्यातल्या रविवारी बघायला येणार असं ठरलं.

यांनी ते मायेने सांगितलं होतं, म्हणूनच नाही म्हणणं अवघड होतं. तरी मी म्हणाले, "एकदा मिस्त्रीला दाखवते."

नानाखेड्याच्या बसस्टँडमागे एक मिस्त्री आहे. मालव्यातलाच, पण गिऱ्हाइकांत मराठी घरं बरीच, त्यामुळे त्याला मराठी बोलायची भारी हौस. मी एकटीच गेले. त्याने बोनटवर हात ठेवून विचारलं, "वहिनी, आवाज कधी येते?"

त्याला 'कुठून' म्हणायचं असेल असं समजून मी त्याच्या चपलांकडे बघत म्हणाले, "खाली येतो."

"खाली? अच्छा, खाली." त्याने मान हलवली. पुढच्या चाकांजवळच्या दांड्या आणि रबरं बदलली, स्वतः एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "एकदम फर्स्ट क्लास." घरी येताना मलाही गाडी छान वाटली. मी आनंदाने पोहे केले.

गुरुवारी तिघी मागे बसल्या आणि त्याच वळणावर तोच खाडकन आवाज.

"तुझ्या मिस्त्रीने गाडी नुसती धुऊन दिलेली दिसते," सासूबाई म्हणाल्या. यांनी खिडकीच्या वरची मूठ आणखी घट्ट धरली. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मिस्त्रीकडे निघाले, तर सासूबाई चप्पल घालून आधीच गाडीत बसलेल्या. हेही आले. मिस्त्रीने ऐकून घेतलं आणि तो माझ्यावरच उलटला, "भाभीजी, आपने ही तो बोला था, खाली में आवाज आती है! खाली गाड़ी में आवाज, तो मैंने आगे का काम कर दिया."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "अरे बाबा, मराठीत खाली म्हणजे नीचे! रिकामी नाही. आणि तू आमच्याशी हिंदीतच बोल, उपकार होतील."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. पण रविवार परवावर आला होता. इतकी वर्षं या गावात राहून मी परक्या माणसाशी अर्ध्या वाक्याच्या पुढे कधी गेले नव्हते. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "भैया, आवाज पीछे से आती है. नीचे से. जब गाड़ी भरी हो, और मोड़ पे. और गाड़ी एक तरफ झुक जाती है."

"ये हुई ना बात!" तो म्हणाला. "पहले दिन बोल देतीं."

त्याने यांना आणि सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं आणि मला बाहेर बोलावलं. रिकाम्या गाडीत चाक आणि वरच्या पत्र्यामध्ये मूठ जात होती. दोघं बसल्यावर बोटं जेमतेम जात होती. धक्के झेलणाऱ्या शॉकअपमधून तेल गळून धूळ चिकटली होती. मग त्याने डिकी उघडून गॅसची टाकी दाखवली. पेट्रोल परवडेना म्हणून आम्ही ती कधीच बसवून घेतली होती, पण स्प्रिंगा कंपनीच्या जुन्याच. "रोज का वजन उठाए हुए है बेचारी. बैठ गई."

मागे जाड तारेच्या स्प्रिंगा आणि चारही नवे शॉकअप घालावे लागतील, असं तो म्हणाला. आणि बजावलं, "थोड़ी कड़क हो जाएगी. गड्ढा पता चलेगा. लेकिन मोड़ पे नहीं डोलेगी."

"घाला," मी म्हणाले. यांच्याकडे न बघता.

शनिवारी दुपारी गाडी मिळाली. मी हट्टाने यांना आणि सासूबाईंना बसवलं आणि त्यांच्या दोन्ही मैत्रिणींनाही घरून उचललं. टॉवर चौकातली गर्दी ओलांडली, पूल चढले, उतरले आणि वळण घेतलं. गाडी जराशी कलली, लगेच सरळ झाली. जिकडे मी चाक फिरवलं तिकडे गेली. मागून काही आवाज नाही. हात माझे तेच होते.

"कंबरेला प्रत्येक खड्डा मोजून दाखवते आहे ही," सासूबाई मागून म्हणाल्या.

"मग हळू घेऊ का?"

"नको. चालू दे."

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून यांच्याकडे बघितलं. खिडकीच्या वरची मूठ रिकामी होती. यांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि हे बाहेर दुकानांच्या पाट्या वाचायचा प्रयत्न करत होते.

घाटाजवळ गाडी लावली तेव्हा यांनी फोन काढला. डोळ्यांजवळ नेऊन ऑफिसातल्या त्या माणसाचा नंबर शोधला. "उद्या या, चहाला या," हे म्हणाले. "पण गाडी नाही विकायची. आमची ही चालवते."