बाईचं फूल

काही माणसे आपल्या गावाला कायमचे काहीतरी देऊन जातात. अनसूयाबाईंनी ते पितळेच्या एका तांब्यातून आणून दिले, आणि उरलेले आयुष्य ते परत घेण्यात घालवले.

आरमोरीकडच्या त्या गावात मी शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. पहिल्याच सकाळी तलावावर आंघोळ करून बाहेर येत होतो, तर काष्टा खोचून गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक वयस्कर बाई म्हणाली, "मास्तर, खाली हातानं बाहेर नका येऊ." तिच्या कडेवर मुळांसकट उपटलेल्या हिरव्या झाडांचा भारा होता. मीही मुकाट्याने एक भारा उपटला. ही मालगुजारांची विधवा, हे मला नंतर कळले. तलाव सरकारजमा झाला होता. बाईंचा आवाज झाला नव्हता.

पुस्तकात त्या झाडाला जलपर्णी म्हणतात. गावात 'बाईचं फूल' म्हणत. बाईंनी ते नागपूरच्या एका नातेवाइकाच्या बंगल्यातल्या हौदात पाहिले. फूल जांभळे, मोराच्या पिसावरच्या डोळ्यासारखी खूण असलेले. नागभीडपर्यंत आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने तांब्या मांडीवर धरून त्यांनी एक रोप आणले आणि अंगणातल्या हौदात सोडले. हौद भरला. जास्तीचे उकिरड्यावर टाकायला त्यांचे मन होईना. "जितं झाड कसं फेकाचं?" म्हणून त्यांनी ते तलावात सोडले. गावाचे नुकसान दुष्टपणानेच होते असे नाही.

काही वर्षांत पाणी दिसेनासे झाले. कालव्याचे तोंड तुंबले, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, कोरड्या राहू लागल्या. सर्वांत आधी मार बसला तो ढिवरांना. जाळे टाकावे तर ते पानांवरच पडायचे. सुकरू ढिवर एकदा भर रस्त्यात बाईंना म्हणाला, "बाई, मासे तुमच्या फुलाच्या सावलीत झोपून राह्यले. त्या फुलाची भाजी तरी होत असती, तं आमच्या घरी चूल पेटली असती."

दुसऱ्या दिवशी बाई पाण्यात उतरल्या.

आधी त्यांनी रीतसर अर्ज केला होता. उत्तर आले की तलाव आता सरकारचा आहे आणि सरकार विचार करीत आहे. बाई म्हणाल्या, "सरकार विचार करून राह्यलं, आन् ते पसरून राह्यलं."

पहिल्या वर्षी सगळ्यांनी उपटलेले ढीग पाळीवरच, तलावाच्या बांधावर, टाकले. पावसाने ते सगळे परत तलावात नेले. सुकरू हसला, "माहेरी आलं पाहा!" तेव्हापासून बाईंचा नियम झाला: रस्त्यापलीकडे न्यायचे, मुळे वर करून खडकावर वाळवायचे, मग चुलीत, आणि राख धानाच्या बांधीत. रोज उठून त्या आधी वारा पाहत. वाऱ्याने हिरवी चादर ज्या काठाला लोटली असेल, त्या काठाला माणसे लावत. सुकरू पहिले काही दिवस पाळीवर बसून गंमत पाहत होता. मग त्याचा डोंगा पाण्यात आला, आणि भारे त्यातून वाहू लागले. दोघे दिवसभर भांडत. "सुकरू, मूळ तुटलं तुह्या हातून!" "बाई, आणतानी नाई तुटलं तुमच्या हातून!"

तलाव मोकळा झाला त्या वर्षी एक मोठे साहेब चांद्याहून आले. तलाव मुक्त झाल्याचे त्यांनी जाहीर केले. टाळ्या चालू असताना बाई मला हळूच म्हणाल्या, "बी चिखलात हाये, मास्तर. सभा संपाची वाट पाहून राह्यलं." पुढच्या पावसाळ्यात ते उगवले. त्यानंतर रोज काठाकाठाने फिरून बोटाएवढी रोपे वेचणे हे बाईंचे काम झाले. थकल्या तेव्हा सुकरू डोंग्यात बसवून त्यांना फिरवी. त्याच्या जाळ्यात पुन्हा मासे येत होते. पहिला मासा तो बाईंच्या दारी ठेवी, आणि मासे न खाणाऱ्या बाई तो शेजारणीला देत.

एका उन्हाळ्यात त्या गेल्या. शाळेत शोकसभा झाली. नव्याने आलेल्या ग्रामसेवकाने ऐकले होते की बाईंना एक जांभळे फूल फार आवडे. बिचारा पलीकडच्या गावच्या तलावावर सायकल हाणत गेला आणि कोमेजू नये म्हणून मुळासकट रोप घेऊन आला. बाईंच्याच घरचा पितळेचा तांब्या मागून, पाणी भरून, त्याने ते तसबिरीपुढे ठेवले. वक्ते बोलत होते, "या माउलीने या गावात सौंदर्य फुलवले." मागे बसलेला सुकरू उठला, सगळ्यांदेखत तांब्या उचलून बाहेर गेला. वक्त्यांना वाटले, त्याला भरून आले असावे. त्यांनी थोडा आवाज चढवला.

सभेनंतर मी बाहेर आलो. रस्त्यापलीकडच्या खडकावर ते रोप मुळे वर करून ठेवलेले होते, आणि सुकरू राखेने तांब्या घासत होता.

"सरळ चुलीतच टाकायचं होतंस," मी म्हणालो.

"ओलं जळत नाई, मास्तर."