विहीणबाईंसाठी स्पॅनिश

स्पॅनिश ही भाषा केवळ माझा छळ करण्यासाठी निर्माण झाली आणि तो छळ नीट पार पडावा म्हणून देवाने मला आमचे सासरे दिले, याबद्दल माझ्या मनात आता तिळमात्र शंका उरलेली नाही. सासऱ्यांनी नागपूरला आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं. अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आमच्याकडे आले ते माझ्या मेहुणीचं लग्न ठरलं म्हणून. मुलगा मेक्सिकन घरातला. तो इंग्लिश बोलतो, पण त्याच्या आईला स्पॅनिशखेरीज काही येत नाही. "बाबा, डोन्ट वरी, मी ट्रान्सलेट करेन ना," मेहुणी म्हणाली. झालं! सासरे ताठ झाले. "मुलगी विहीणबाईंच्या पदरात घालायची आणि भाषांतर मुलीनेच करायचं? जे बोलायचं ते मी माझ्या तोंडाने बोलेन." सासूबाई गेल्या तेव्हा ही धाकटी तिसरीत होती. तिच्या दोन वेण्या घालून, डबा भरून हे गृहस्थ शाळेत विभक्ती शिकवायला जायचे. साखरपुड्याला दोन महिने होते आणि तेवढ्यात त्यांना एकच वाक्य शिकायचं होतं: हिला आई नाही, आता तुम्हीच हिची आई व्हा.

एका वाक्यासाठी एवढं? पण संस्कृतच्या मास्तराला वाक्य नुसतं पाठ करून चालत नाही, आधी व्याकरण लागतं. पहाटे पाच वाजता आंघोळ करून खणखणीत आवाजात सुरू: "आब्लो, आब्लास, आब्ला!" माझी झोप गेली, पण यांची क्रियापदं काही संपेनात. हाताला 'ला मानो' म्हणतात, म्हणजे हात स्त्रीलिंगी, हे कळल्यावर तर दोन दिवस माझ्याशीच अबोला, जसं काही लिंग मीच बदललं. मग चिठ्ठ्या आल्या. फ्रिजवर चिठ्ठी, मिक्सरवर चिठ्ठी, आणि जेवणाच्या टेबलाशी माझी खुर्ची होती तिच्यावर 'एल येर्नो'. म्हणजे जावई. "अगं, आता मलाही लेबल लावलं तुझ्या बाबांनी!" मी बायकोकडे तक्रार केली. "मग काय झालं? स्पेलिंग बरोबर आहे ना?" ती म्हणाली. आपलाच दाम खोटा!

गाडीत बसले की रस्त्यावरची प्रत्येक स्पॅनिश पाटी मोठ्याने वाचायची. ह्यूस्टनच्या आमच्या भागात स्पॅनिश पाट्यांना तोटा नाही. "लावान्देरीया! यान्तेरा! पानादेरीया!" बाहेर घामटं काढणारा उकाडा, पुढे ट्रॅफिक तुंबलेला आणि कानाशी ही आकाशवाणी. लावान्देरीया म्हणजे लाँड्री, यान्तेरा म्हणजे टायरचं दुकान आणि पानादेरीया म्हणजे बेकरी. तिथे सरावासाठी मला रोज थांबावं लागायचं. एकदा त्यांनी काउंटरवरच्या बाईंना अभिमानाने माझी ओळख करून दिली. आमच्या कॉलनीतली सगळी मराठी पोरं मला काका म्हणतात, तर हे म्हणाले, "एल एस काका दे तोदोस." हा सगळ्यांचा काका. बाई हसून हसून लोटपोट. स्पॅनिशमध्ये काका म्हणजे तान्ही पोरं डायपरमध्ये करतात ते. तेव्हापासून मी गाडीतच बसू लागलो.

एक दिवस माझी ऑफिसची मीटिंग ऐन रंगात असताना ते खोलीत आले. "जावईबापू, यांच्यात 'आकी' म्हणजे इथे. आणि 'आई' म्हणजे काय, सांगा?"

"बाबा, कॉल चालू आहे हो!"

"आई म्हणजे तिथे." मग म्हणाले, "बरोबरच आहे म्हणा." आणि गेले. मी त्या दिवशी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

साखरपुड्याच्या दिवशी विहीणबाई आपल्या घराच्या दारातच उभ्या होत्या. ठेंगण्याशा, हसऱ्या, खांद्यावर शाल. सासऱ्यांनी हातातली स्पॅनिशची वही न उघडता हात जोडले. दोन महिन्यांची तयारी! पण तोंड उघडलं आणि सगळं स्पॅनिश गुल. मेहुणीकडे बोट गेलं आणि बाहेर पडलं ते निव्वळ मराठी.

"हिला... आई... आई..." पुढचा शब्द फुटेना.

मेहुणी रडायला लागली, ती काय भाषांतर करणार, कप्पाळ! विहीणबाईंना एवढंच कळलं, की हे मुलीला 'तिथे' म्हणताहेत, तिथे. त्यांनी मान हलवली. पुढे होऊन मेहुणीला जवळ ओढलं, शालीत घेतलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "आई, नो. आकी."

तिथे नाही. इथे.

सासऱ्यांना भाषांतर लागलं नाही.

परतताना ते माझ्या शेजारी बसले होते. लावान्देरीया गेली, यान्तेरा गेला, त्यांनी एकही पाटी वाचली नाही. इतके दिवस ज्या शांततेसाठी मी देव पाण्यात घालून बसलो होतो, ती मिळाली आणि मला करमेना. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, पानादेरिया."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "'री' दीर्घ, जावईबापू," ते म्हणाले. "आणि गाडी थांबवा जरा."