परबकाकींची वाटी

दाराच्या आयहोलमधून बाहेर कोणी नाही असं पाहून मगच घराबाहेर पडायची माझी सवय. दहिसरच्या आमच्या टॉवरमध्ये ती सवय चालली नाही, कारण बाहेर कोणीतरी कायम असायचंच: परबकाकी. समोरच्या उघड्या दारात त्या स्टुलावर बसलेल्या असत. मांडीवर निवडायची भाजी, आणि चौकटीला टेकवलेल्या मोबाइलवर परग्रहवासीयांचे व्हिडिओ, तेही मोठ्या आवाजात. काकींची चाळ पाडूनच हा टॉवर उभा राहिला होता. दार लावून बसायचं त्यांना काही जमलं नाही.

एकदा मी लिफ्टची वाट पाहत होते.

"काय गो चेडवा, तू इंग्लिश शाळेतली. हे वरचे लोक अजून आपल्याक कसे भेटूक नाय?"

"अंतर खूप आहे ना, काकी. निरोप पोचायलाच शेकडो वर्षं लागतात."

"अंतर?" त्यांनी आधी माझ्या दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या. "ह्या दोन दारांत किती अंतर आसा? तू कधी इलंस?"

मी कसंनुसं हसले आणि आधीच पेटलेलं लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.

त्यानंतर लवकरच काकींनी काळ्या वाटाण्याचं सांबार आणून दिलं. मोठी स्टीलची वाटी, काठावर 'परब' कोरलेलं. मी ती घासून, पुसून, कागदी पिशवीत घालून त्यांच्या कडीला अडकवली, तीसुद्धा त्या दुपारच्या झोपेत असताना. मला वाटलं, किती व्यवस्थित!

संध्याकाळी आमची बेल वाजली.

"गो, ही रिकामी कित्याक दिलंस?"

"धुतलीये, काकी."

"ता दिसता. पण भांडा रिकामा देवचा नसता. काय नाय तर चिमूटभर साखर घालूची. रिकामी वाटी दिली म्हणजे बोलणाच संपला."

वाटी माझ्या हातात ठेवून त्या निघून गेल्या.

ती आमच्या फ्रिजवर राहिली. नुसती साखर द्यायला मला ओशाळं वाटे. आईचे लाडू दिले तर ते आईचे झाले असते. आणि मला नूडल्सपलीकडे काही येत नव्हतं. असे कितीतरी महिने गेले. काकींनी वाटीचं नावही काढलं नाही. फक्त एकदा, माणसांनी आकाशात निरोप पाठवले आणि उत्तर आलं नाही, म्हणजे तिथे कोणी नाहीच, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला, तेव्हा त्या उसळल्या.

"काय पण बोलता मेलो! उत्तर इला नाय म्हणून घरात कोण नाय? आसतला कोणतरी आमच्या ह्या चेडवासारख्या. वाटी घेऊन बसला आसतला, काय घालू, काय घालू करीत!"

दाराआड, आयहोलला डोळा लावून मी उभी होते. तोंडावर हात धरून हसले.

मग एके दिवशी आईने सांगितलं, काकी उद्या सकाळी कणकवलीला चालल्या, कायमच्या.

मी शिरा केला. तो खाली लागला. तरी वाटीत भरला आणि उघड्या दाराची बेल दाबली. काकी खोक्यांच्या मधोमध बसल्या होत्या.

"इलंस? खयच्या ग्रहावरून इलंस गो, इतको वेळ?"

त्यांनी एक घास खाल्ला. "करपलो." मग दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला, आणि वाटी बोटाने पुसून घेतली. माझ्याकडे न बघता बांधलेल्या खोक्याची चिकटपट्टी फाडली, आमसुलं काढली आणि वाटी भरून पुढे केली.

"अहो, उद्या जाताय तुम्ही!"

"मगे? आता पाळी तुझी."

समोरचं दार हल्ली बंद असतं. आमसुलं संपत आली आहेत. कणकवलीचं तिकीट मी काढलं आहे. वाटीत काय न्यायचं, ते अजून ठरत नाहीये. नाहीच सुचलं, तर साखर चालते.