पिकअप घेतली त्या दिवाळीत

आमची जुनी पिकअप आम्ही शोरूमच्या मागच्या पटांगणात सोडून आलो, त्या दिवशी एसटीत नवरा माझ्या शेजारी बसला होता आणि त्याच्या मांडीवर ताडपत्रीची घडी होती. पायाशी दोरांचं भेंडोळं, पाण्याची कॅन आणि केबिनमधली देवीची तसबीर. कंडक्टरने सामानाचं तिकीट काढायचं का असं विचारलं, तेव्हा तो हसला. नवी गाडी आठ दिवसांत येणार होती. एसटीने घरी जायची आमच्यावर ही शेवटचीच वेळ, असं तो कंडक्टरला सांगत होता.

जुनी गाडी त्याने आमच्या लग्नाआधी घेतली होती, तीही वापरलेली. माझे वडील खामगावला कारकून होते. मुलाची माहिती काढायला ते उंद्रीला आले आणि परत जाऊन आईला म्हणाले, जमीन थोडी आहे, पण पोराची स्वतःची गाडी आहे. मी उंद्रीला आले ती अशी. इथल्या एका खाजगी शाळेत मी शिकवते. पगार होतो, पण कधी होईल ते सांगता येत नाही. घर चालायचं ते गाडीवर.

त्याचा धंदा भाजीचा. म्हणजे स्वतःची भाजी नव्हे. गावातली आणि आजूबाजूच्या शिवारातली आठ-दहा घरं वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची. त्यांचे कॅरेट आणि गाठोडी तो पहाटे बांधावरून उचलायचा, मंडीत नेऊन टाकायचा आणि संध्याकाळी व्यापाऱ्याकडून आलेले पैसे ज्याचे त्याला घरी नेऊन द्यायचा. लोक रस्त्याच्या कडेला माल ठेवून झोपायला जायचे. तो येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तापातसुद्धा त्याने कधी फेरी चुकवली नाही.

पण गाडी थकली होती. चढावर धूर सोडायची. चिखलीच्या मिस्त्रीने सांगून टाकलं की आता हिच्यात पैसे घालू नका. तेवढ्यात दसऱ्याच्या आधी टीव्हीवर बातमी आली की कर उतरला, गाड्या स्वस्त झाल्या. नवऱ्याने त्या दिवशी आवाज मोठा करून तीच बातमी तीन चॅनलांवर पाहिली. मला हाक मारून म्हणाला, "आता नाई घेतली तं कधीच घेनं होत नाई."

शोरूम कुठलं ते सांगून उपयोग नाही. नंतर आम्ही दुसरं पाहिलं, तेही तसंच निघालं. आत गारेगार एसी, काचेची दारं, दारात रांगोळी. एका तरुण सेल्समनने आम्हाला सर-मॅडम म्हणून बसवलं, चहा आणला, नवऱ्याला पांढऱ्या पिकअपच्या केबिनमध्ये बसवून फोटोही काढला. नवरा स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. मग त्या मुलाने किमतीचं कोटेशन छापून दिलं. आकडा आमच्या आवाक्यातला होता. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये दिली तर आणखी सूट मिळणार होती, मात्र ही सूट महिनाअखेरपर्यंतच आणि जुनी गाडी आजच जमा करायची. नवऱ्याने मला विचारलं. मी कोटेशन वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यात खोट काही नव्हती. मी हो म्हटलं.

आठ दिवस गेले. फोन केला की सेल्समन म्हणायचा, वरून गाडीच आलेली नाही, कर उतरल्यामुळे सगळीकडे मागणी वाढली आहे. तो इतक्या नम्रपणे बोलायचा की चिडता येत नसे. नवऱ्याने सुरुवातीला एकाची गाडी भाड्याने घेऊन फेऱ्या केल्या. भाडं आणि डिझेल जाऊन हातात काही उरेना. मग त्या गाडीवाल्याला सोयाबीन वाहायला जास्त पैसे मिळू लागले आणि त्याने गाडी द्यायचं बंद केलं. त्या आठवड्यात नवरा पायी एकेका घरी जाऊन सांगून आला की तोडणी चार दिवस थांबवा. मेथी काही थांबत नाही. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

गाडी आली असा फोन आला तेव्हा दिवाळी तोंडावर होती. मी शाळेत रजा टाकली. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला, नारळ आणि हार पिशवीत घेतला. शोरूममध्ये सेल्समनने दुसरा कागद समोर ठेवला. वरची ओळ, कंपनीची किंमत, तीच होती. खालच्या ओळी मात्र वाढल्या होत्या. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायचा, आणि तो बाहेरच्यापेक्षा कितीतरी महाग. अ‍ॅक्सेसरीजचा सेट सक्तीचा: सीट कव्हर, मॅट, स्टीअरिंग कव्हर, पुढचा चकाकणारा गार्ड. हँडलिंग म्हणून काही रक्कम होती. सगळ्यात खाली हाताने लिहिलेला एक आकडा होता, त्यापुढे नावच नव्हतं. मी तो कशाचा असं विचारलं. सेल्समन म्हणाला, मॅडम, लवकर डिलिव्हरी पाहिजे असेल तर तेवढं द्यावं लागतं, सध्या सगळेच देतात.

टीव्हीवर जेवढी किंमत उतरली असं सांगितलं होतं, जवळजवळ तेवढीच ती खालून वर आली होती.

मी मॅनेजरला भेटायचं म्हटलं. ते पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. मी त्यांना पहिलं कोटेशन दाखवलं. शाळेत वापरते तीच भाषा वापरली, शुद्ध आणि सावकाश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आमची काही जबरदस्ती नाही. बुकिंग परत घ्या. ही गाडी संध्याकाळपर्यंत जाईल."

"मग आमची जुनी गाडी परत द्या."

त्यांनी सेल्समनकडे पाहिलं. सेल्समनने मोबाइलमध्ये काहीतरी शोधलं आणि म्हणाला, ती तर मागच्याच आठवड्यात गेली, रोहिणखेडकडच्या एका पार्टीने नेली. तिचे जे पैसे धरले होते ते परत मिळतील, थोडा वेळ लागेल.

नवरा पिशवी घेऊन उठला. मॅनेजरला नमस्कार केला, का ते मला कळलं नाही, आणि काचेचं दार ढकलून बाहेर पडला. बाहेर पांढरी पिकअप उभी होती, पुसून लख्ख केलेली. तिच्याकडे न पाहता तो रस्ता ओलांडून स्टँडच्या दिशेने चालू लागला. हार वाटेत एका देवळात वाहिला.

घरी आल्यावर मी कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. एका मुलीने सगळं लिहून घेतलं, दिलगिरी व्यक्त केली आणि चोवीस तासांत फोन येईल असं सांगितलं. फोन आला, पण त्याच सेल्समनचा. "मॅडम, वर तक्रार कशाला केली? आम्हीच सोडवलं असतं ना." आवाज तेवढाच नम्र. सोडवायचं म्हणजे काय करणार, असं विचारल्यावर तो म्हणाला, तुम्ही एकदा येऊन भेटा. नंतर आम्ही दुसऱ्या गावच्या शोरूममध्ये गेलो. तिथे हँडलिंगला वेगळं नाव होतं, बाकी बेरीज तीच. शिवाय तिथे आम्ही रांगेत शेवटचे.

त्या दिवसांत नवरा पहाटे उठायचा आणि कुठेही न जाता ओसरीवर बसायचा. एका पहाटे रस्त्याने दुसऱ्याच गाडीचा आवाज आला. ती थांबली, कॅरेट आपटल्याचा आवाज झाला, मग पुढच्या बांधाजवळ थांबली. शेजारच्या गावचा एक गाडीवाला आमच्याकडची भाजी उचलू लागला होता. नवऱ्याने सगळे थांबे ऐकले. शेवटचा थांबा झाल्यावर आत येऊन म्हणाला, "सगळ्यायनं त्यालेच देल्ली." मी चहा टाकला. तो त्याने घेतला नाही.

दिवाळी झाल्यावर तो स्वतःच म्हणाला की जाऊ आणि भरून टाकू. स्वयंपाकघरावर स्लॅब टाकायला आम्ही जे बाजूला ठेवलं होतं, ते घेतलं. मी म्हटलं, आणखी एकदा बोलून पाहू का. त्याने मान हलवली. "तू बोल्ली ना. चांगलं बोल्ली. बोलून होत असतं तं झालं असतं."

आधी जी गाडी नाकारली ती त्याच संध्याकाळी गेली होती. आता दुसरी होती. खालचा बिननावाचा आकडा तसाच होता, पावती त्याची मिळणार नव्हती. नवऱ्याने पैसे मोजून दिले आणि सह्या केल्या. कुठे सही करायची ते सेल्समन बोटाने दाखवत होता. नवरा एकही कागद वाचत नव्हता. मीसुद्धा वाचला नाही.

मग त्यांनी समारंभ केला. गाडीवर लाल कापड टाकलेलं, ते आम्हाला ओढायला लावलं. हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली आमच्या हातात दिली. पेढे, टाळ्या, शाल. मॅनेजरही आले आणि आमच्यामध्ये उभे राहिले. फोटोवाला म्हणत होता, सर थोडं स्माईल. नवऱ्याने स्माईल दिलं. तो फोटो त्यांनी मला पाठवला, मी तो उघडून पाहिला नाही. निघताना सेल्समन केबिनच्या खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला की कंपनीकडून फोन येईल, सगळ्या प्रश्नांना दहापैकी दहा सांगा, नऊ सांगितले तरी माझा पगार कापतात.

तो फोन आला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. नवरा गाडीच्या सावलीत बसला होता. स्पीकर चालू होता. एक मुलगी पाठ केल्यासारखे प्रश्न विचारत होती. गाडीची किंमत आणि खर्च तुम्हाला स्पष्ट समजावून सांगितले का, दहापैकी किती गुण द्याल? मी हातातला कपडा तसाच धरून उभी होते.

"दहा," तो म्हणाला. पुढच्या प्रश्नालाही दहा. सगळ्यांनाच.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "तुम्ही दहा कायले दिले?"

तो उठला, गाडीचं दार उगीच उघडून लावलं. "पयल्या सर्व्हिसिंगले तिथंच जा लागते," म्हणाला. "थोच पोरगा रायते तिथं. त्याच्याशी वाकडं घेऊन कुठं जाऊ मी?"

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी कपडे वाळत घालायला वळले. शाळेत मी मुलांना सांगते की खरं बोलायला घाबरू नका. त्या आठवड्यात तो धडा आला तेव्हा मी मुलांना तो नुसता वाचून घ्यायला सांगितला.

भाजीवाले परत आले नाहीत. त्यात त्यांची चूक नव्हती. ज्यांचा माल तो सगळ्यात जास्त वर्षं नेत होता, त्या म्हाताऱ्या शेतकरीण बाई स्वतः घरी आल्या. नव्या गाडीला हळदीकुंकू लावलं. मग पायरीवर बसून म्हणाल्या, "बाबू, तू नव्हता तं माह्या मेथीचं पानी झालं. त्या पोरानं नेली. आता त्याले नाई कसं म्हनू?" नवरा त्यांना म्हणाला की म्हणूच नका, आजी, त्याचंही पोट आहे.

आता तो एका हार्डवेअर दुकानाचं सिमेंट आणि फरशा वाहतो. बोलावलं तर जायचं, नाही तर गाडी अंगणात. नव्या हौद्यावर फरशांचे ओरखडे पडलेत. त्याला त्याचं काही वाटत नाही. जुन्या गाडीला साधं खरचटलं तरी तो दिवसभर हळहळायचा. सीट कव्हरवरचं प्लास्टिक अजून त्याने काढलेलं नाही. पहाटे तो आता उठत नाही. जाग आली तरी पडून राहतो, हे मला त्याच्या श्वासावरून कळतं.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक भांडीवाला विचारायला आला. तो आठवडी बाजारांत स्टीलची भांडी विकतो, त्याचा जुना टेम्पो आहे. ते शोरूम कसं आहे, असं त्याने विचारलं. नवरा म्हणाला, "चांगलं हाये." आणि आत निघून गेला. मला राहवलं नाही. मी फाटकापर्यंत भांडीवाल्याच्या मागे गेले आणि त्याला सगळं सांगितलं, पहिल्या कोटेशनपासून शेवटच्या आकड्यापर्यंत. त्याने मान खाली घालून ऐकलं.

"वहिनी," तो म्हणाला, "मी सकाळीच टेम्पो जमा करून आलो."

त्याची गाडी अजून आलेली नाही. बाजाराच्या दिवशी नवरा त्याची भांडी आपल्या पिकअपमध्ये भरून नेतो आणि संध्याकाळी परत आणून देतो. भाडं घेत नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, रिकामीच तं उभी रायते.