साच्यातलं एकोणीसशे

एकोणीसशे नव्व्याण्णव साली मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. आता सत्तरी ओलांडली. नातवंडं मला मोबाइल शिकवायला बसतात आणि माझा अंगठा भलत्या ठिकाणी पडला की सुस्कारे टाकतात. तेव्हाची मी त्यांच्या समोर आले असते, तर सुस्कारे टाकायची हिंमत झाली नसती कुणाची. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, काखेत फाइल, आणि चाल अशी की व्हरांड्यात समोरून येणाऱ्याने भिंतीला चिकटून वाट द्यावी.

साताऱ्यातल्या एका मोठ्या कारखान्यात मी संगणक विभागाची प्रमुख होते. कारखाना इंजिनाचे भाग बनवायचा. विभाग म्हणजे काचेची एक थंडगार खोली. गारवा माणसांसाठी नव्हता, यंत्रासाठी होता. आत यायचं तर चपला बाहेर काढायच्या. एकदा मोठे साहेब बूट घालून आत आले, तर मी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत होते, आणि ती किती बावळट आहे हे सांगताना लक्षात येत नव्हतं.

त्या वर्षी जगभर जी धास्ती होती ती आमच्याकडेही आली. संगणकात साल दोनच आकड्यांत लिहायची पद्धत होती. नव्व्याण्णव संपून दोन शून्यं आली की यंत्राला वाटणार, एकोणीसशे साल उजाडलं. मग पगार, हजेरी, भट्टी, वजनकाटा, कशाचं काय होईल सांगता येत नव्हतं. आमचा माल परदेशात जायचा. तिथल्या गिऱ्हाइकाने विचारलं, तुमची तयारी काय? झालं, समिती बसली. समितीत एकच बाई, ती मी.

पहिलं काम, ज्या ज्या वस्तूला तारीख कळते ती शोधून तिला चिकटी, म्हणजे रंगीत स्टिकर, लावायची. तपासली नसेल तर लाल, पास झाली की हिरवी. दोन महिन्यांत कारखाना लग्नघरासारखा दिसायला लागला. हजेरीच्या घड्याळाला चिकटी, भट्टीच्या पॅनेलला चिकटी, साहेबांच्या मनगटी घड्याळालाही चिकटी. आमच्या हिशेबनिसांच्या पाठीवर कुणीतरी लाल चिकटी लावली, आणि ते बिचारे दिवसभर तशीच मिरवत फिरले. सुट्टीच्या दिवशी सगळी घड्याळं पुढे ढकलून आम्ही नव्या सालाची रंगीत तालीम करायचो. भर दुपारी सगळ्यांनी मिळून रात्रीचे बारा वाजवायचे. मी मध्यभागी उभी, हात वर करून. बँडमास्तरच जणू.

घरचं झाल्यावर बाहेरचं. आम्हाला सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपं होती. त्यांच्याकडे काही अडलं की आमच्याकडे अडणार. म्हणून नियम निघाला: दिवाळीपर्यंत प्रत्येक पुरवठादाराने आमच्याकडून तपासणीचा दाखला घ्यायचा, नाहीतर त्याची ऑर्डर बंद. दाखल्यावर तीनच रकाने होते. तारखेचा दोष तपासला, सापडला, दुरुस्त केला. 'लागू नाही' असा रकाना नव्हता. तो ठेवायचा नाही हे कुणी ठरवलं? मीच. म्हटलं, रकाना ठेवला की सगळे आळशी त्यातच जाऊन बसतील.

सांगलीजवळच्या कुपवाडचे पुरवठादार माझ्या वाट्याला आले. त्यातलं एक वर्कशॉप सुभेदारांचं. फौजेत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला जत तालुक्यातला माणूस, जुन्या हुद्द्यानेच सगळे हाक मारायचे. पत्र्याची एक शेड, साच्यात रबर दाबणाऱ्या तीन प्रेस, आणि त्यांवर काम करणाऱ्या आठ-दहा बाया. त्या बायांच्यात पुढे सुभेदारांची बायकोच. रबराचे गोल बुश बनवायचे, म्हणजे इंजिनाचा हादरा पिणाऱ्या जाड रबरी कड्या. सगळा माल आमच्याकडे यायचा. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

मी फाइल उघडली. "तुमच्याकडे संगणक किती?"

"संगणक?" सुभेदारांनी शेडभर नजर फिरवली, एखादा असलाच तर दिसावा म्हणून. "न्हाई मॅडम. कॅल्क्युलेटर हाय."

"मग दाखला कसा मिळणार?"

"आवं, न्हाईच तर बिघडंल काय?"

कुणाही शहाण्या माणसाला पटावं असं ते उत्तर होतं. पण मी शहाणी नव्हते, मी प्रमुख होते. चष्मा नाकावर चढवून मी म्हणाले, "संगणक नसणं हे उत्तर होत नाही."

सुभेदारांची बायको प्रेसवरून उठून आली. हात रबराने काळे. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंजे, ज्येच्याकडं दुखणं न्हाई त्येनं आदी दुखणं आणायचं, मग औषीद घ्यायचं. आसंच का, बाई?"

मी म्हणाले, नियम आहे. आणि जीपमध्ये बसले.

दसरा झाल्यावर पुन्हा गेले. शेडच्या कोपऱ्यात लोखंडी टेबलावर चक्क संगणक! झेंडूचा हार, पडद्याला हळदकुंकू, कीबोर्डवर आपट्याची पानं. मिरजेतला कुणाचा तरी क्लास बंद पडला होता, तिथून सुभेदारांनी जुना उचलून आणला होता.

"आता घ्या तपासून," ते म्हणाले. छाती फुगलेली.

"यावर तुम्ही काय काम करता?"

"काम न्हाई. पूजा केली."

मला हसू आलं नाही, ह्याचंच आता हसू येतं. गंभीर चेहऱ्याने आपट्याची पानं बाजूला केली, तारीख एकतीस डिसेंबर घातली, वेळ बाराच्या जवळ नेली, यंत्र बंद केलं, थोडं थांबून चालू केलं. प्रेस थांबवून बाया भोवती जमल्या. पडदा उजळला. तारीख आली, चार जानेवारी एकोणीसशे ऐंशी. साल कळेनासं झालं की ही जुनी यंत्रं थेट ऐंशीवर जाऊन बसायची.

"ऐंशी?" सुभेदार वाकून बघायला लागले. "तवा मी फौजेत व्हतो. परत हजर व्हायला लागतंय का काय?"

"जावा की," बायको म्हणाली. "पगार तरी येळंवर यायचा."

बाया फिदीफिदी हसल्या. मी पर्समधून लाल चिकटी काढली आणि पडद्यावर, कुंकवाच्या शेजारी लावली. मग मात्र हसणं थांबलं. ज्या शेडमध्ये दोषच नव्हता, तिथे आता लेखी दोष होता, आणि दिवाळी तोंडावर आलेली.

"मग आमचं काम बंद?" सुभेदारांच्या बायकोने विचारलं. आवाजात भांडण नव्हतं, ते असतं तर मला सोपं गेलं असतं. "ह्या बायास्नी मी आज काय सांगू?"

मी म्हणाले, चहा तरी पिऊ. स्टुलावर बसले. समोरच्या टोपलीत नुकते निघालेले बुश होते, त्यातला एक उचलून मुठीत आवळत बसले. साहेबांना काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती. यंत्र काढून टाका म्हणावं, तर पुन्हा 'संगणक नाही'. ठेवा म्हणावं, तर नापास. माझ्याच रकान्यांनी मला कोंडलं होतं.

चहा आला म्हणून मूठ उघडली. सुभेदारांची बायको कप पुढे करताना थांबली. "आवं, हातावर साल उमटलंय तुमच्या."

तळहातावर उलटे आकडे उठले होते. बुश वळवून पाहिला. रबरावर बारीक, उठावाचं १९९९. आमच्याच कारखान्याची अट होती, मालावर साल पाहिजे. रबर जुनं झालं की कडक होतं, म्हणून साल बघूनच आमचे तपासनीस माल घेत.

"हे दरवर्षी कसं बदलता?"

"सोपं हाय," सुभेदार खुलले. त्यांनी पोलादी साचा उघडून दाखवला. पहिले तीन आकडे साच्यातच खोल कोरलेले. चौथ्याच्या जागी आकडा कोरलेली एक छोटी सुटी गुंडी. "ही काडायची, नवी बशिवायची. दर दसऱ्याला पुढल्या सालाची गुंडी आणतो, पूजेला ठिवतो. औंदाची बी आणलीया की."

देवाच्या फळीवरून त्यांनी कुंकू लागलेली गुंडी आणली. शून्याची. साच्यात बसवली. नीट बसली, अगदी घट्ट. मग ते साच्याकडे बघत राहिले. बायकोने मान वाकडी करून वाचलं.

"एकोणीसशे नव्वद," ती म्हणाली. "फौजेतनं धा वर्सं म्होरं आलासा, म्हना."

सुभेदार टोपलीच्या काठावर बसले. जानेवारीत हा माल साताऱ्याला आला असता, तर दहा वर्षांचं शिळं रबर म्हणून दारातूनच परत गेला असता. पूर्ण लॉट. "साचा केला तवा वाटलं, योवढी वर्सं कुठं टिकतोय ह्यो," ते म्हणाले. माझ्या थंड खोलीतल्या प्रोग्रॅमबद्दल आम्हीही अगदी हेच म्हणत होतो, फक्त इंग्रजीत.

आणि मी? मी आनंदाने उठून उभी राहिले. समोर दोन माणसांचे चेहरे उतरलेले, आणि मी म्हणते, "सापडला! दोष सापडला!" बाया बघतच राहिल्या. पण मला दिसत होते ते तीन रकाने. तपासला, सापडला. आता फक्त दुरुस्त.

साताऱ्यात साहेबांना पटवायला जरा वेळ लागला. "आपण संगणक तपासतोय, बाई. लोखंड नाही."

"साहेब, दाखल्यावर 'तारखेचा दोष' असं लिहिलंय. कशातला, ते लिहिलेलं नाही."

ही माझी हुशारी नव्हे बरं. लिहायला विसरले होते मी. पण साहेबांपुढे असा चेहरा केला की जणू फार दूरचा विचार होता. त्यांनी डिसेंबरपर्यंत मुदत दिली. दाखल्यावर संगणकाच्या नावापुढे मी लिहिलं, 'उत्पादनासाठी वापर नाही', आणि ते अक्षरशः खरं होतं.

साच्यांचं काम मात्र किचकट. जुने आकडे वेल्डिंगने भरायचे, घासून सपाट करायचे, मग नवे कोरायचे. एकेक साचा बाहेर गेला की तेवढी प्रेस थंड. उरलेल्या प्रेसवर बाया जास्तीच्या पाळ्या करत होत्या. मी दोनदा जाऊन आले. एकदा कोरणाऱ्याने आकडे उलटे कोरायच्या ऐवजी सुलटे कोरले आणि रबरावर साल उलटं निघालं. सुभेदारांच्या बायकोने तो बुश माझ्या हातात दिला. "ह्यो आरशात बगून घ्या म्हनावं तुमच्या सायबाला." तो साचा पुन्हा भरला, पुन्हा कोरला. डिसेंबरच्या मध्याला सुलट २००० आलं आणि मी दाखल्यावर सही केली. त्या बाईने विचारलं, "आता तरी न्हाई ना काय ऱ्हायलं?" मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आमच्या बाजूने काळजीच नको."

जानेवारीत कामावर आलो. भट्टी चालू, हजेरी चालू, माझी थंड खोली चालू. काहीही बंद पडलं नाही. मी खोलीत टाळ्या घेत असताना गेटवरून फोन आला, कुपवाडचा टेम्पो अडवलाय.

धावत गेले. टेम्पोबरोबर सुभेदार आणि त्यांची बायको दोघंही आलेले. पहिला लॉट ना, डोळ्यांनी आत जाताना बघायचा होता. गेटवरच्या तपासनिसाच्या हातात एक बुश आणि माल आल्याची, आमच्याच संगणकाने छापलेली एक पावती. बुशवर २०००. पावतीवर १९००.

प्रोग्रॅम बरोबर होता. त्याने इमानदारीने दोन शून्यं छापली होती. पण पावत्यांचा कागद छापखान्यातून येतानाच त्यावर '१९' छापलेलं यायचं, पुढचे दोन आकडे आम्ही भरायचो. कपाटभर कोरे कागद! वर्षभर आम्ही कारखाना उलटापालटा केला आणि कागदाला कुणी चिकटी लावली नाही, कारण कागदाला तारीख कळते असं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मॅडम, माल शंभर वर्षांनी बनणार आणि आज आला, असं होतंय," तपासनीस म्हणाला. "मी घेऊ कसा?"

सुभेदारांची बायको माझ्याकडे बघत होती. तिने टेम्पोच्या फळीला धरलेला हात काढला नाही.

मी तपासनिसाच्या खिशातलं पेन घेतलं. एकोणीसवर काट मारली, वर वीस लिहिलं, बाजूला सही केली. "घे."

"असं चालतं?"

"माझी सही आहे ना? चालतं."

त्याने पावती उन्हात धरून वाचली, बुश पुन्हा एकदा दाबून पाहिला, आणि शिक्का मारला. फाटक उघडलं. टेम्पो आत गेला, दोघं नवरा-बायको त्याच्या मागून चालत. मागे आणखी गाड्या लागल्या होत्या. मी पहारेकऱ्याची खुर्ची उन्हात ओढली, कोऱ्या पावत्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला, आणि एकेक एकोणीस खोडायला लागले.